घोडे मिळाले नाहीत तो दिवस

१८ फेब्रुवारी १८११ या दिवशी कलकत्त्याहून आलेले 'अहमूदी' नावाचे जहाज मुंबई बंदरात नांगरले. त्यातल्या एका उतारूला महाराष्ट्र पुढे चांगलाच ओळखणार होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंट म्हणून पुण्याला निघाला होता. त्याच्या सोबतीने आलेला दुसरा उतारू मात्र मराठी मुलखात कुणाच्या लक्षात राहिला नाही. हेन्री मार्टिन हा कंपनी सरकारच्या फौजेचा पाद्री, अंगाने किडकिडीत, छातीच्या दुखण्याने आवाज बसलेला. त्या दिवशी त्याला तीस वर्षे पुरी झाली. वाढदिवसाची नोंद म्हणून त्याने रोजनिशीत लिहिले ते एवढेच, की आपल्या निकामी आयुष्याचे तिसावे वर्ष आज संपले. येशूने आपल्या कार्याला सुरुवात केली ती याच वयात. आणि ज्याच्या चरित्राने मार्टिनला घराबाहेर काढले, तो अमेरिकेतला मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड या वयाला पोचण्याआधीच, एकोणतिसाव्या वर्षी, आपले काम उरकून गेलेला. या दोघांच्या मापाने मार्टिन स्वतःला मोजत होता.

एल्फिन्स्टनने याच प्रवासाबद्दल आपल्या पत्रांत लिहिले आहे. त्याला दिसलेला मार्टिन अगदी वेगळा होता. भाषांचा गाढा जाणकार, साध्या वागणुकीचा, समजूतदार, मनमोकळे हसणारा, आणि धर्म कुणावर न लादणारा. अपेक्षेपेक्षाही चांगला सोबती मिळाला, असे त्याने आनंदाने नोंदवले. एकाच जहाजावरचा एकच माणूस, पण जेवणाच्या टेबलावर हसतमुख, आणि खोलीत दिवा लावून वही उघडली की स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा. या दोन चित्रांपैकी खरे कोणते, असा प्रश्न पडतो. दोन्ही खरी आहेत, आणि त्या दोहोंमधल्या जागेत जे घडत होते त्याचीच ओळख पुढच्या पानांत करून द्यायची आहे. ती जागा म्हणजे प्रवासातली प्रार्थना.

प्रार्थनेला जागा लागते, वेळ लागतो, शांतता लागते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. देवघर, मठ, चर्चमधला ठरलेला बाक, पहाटेची ठरलेली घटका. महाराष्ट्राला मात्र चालताना होणारी उपासना नवी नाही. वारीत देहूपासून पंढरपूरपर्यंतची वाटच देवळासारखी होते. पण वारकऱ्याभोवती दिंडी असते, टाळ असतात, एकाचा सूर चुकला तर सावरायला दहा गळे असतात. मिशनऱ्याचा प्रवास बहुधा एकट्याचा. आजूबाजूला परकी भाषा, परका धर्म, तापाने फणफणलेले शरीर, आणि घरून येणारे पत्र आठ-आठ महिने उशिराचे. अशा वाटेवर रोजची प्रार्थना टिकते का? टिकली तर ती तशीच राहते, की वाटेबरोबर बदलते?

याचे उत्तर शोधायला मार्टिनच्या रोजनिशीइतके प्रामाणिक साधन क्वचितच सापडेल. एक तर ती छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. तिचे काही भाग त्याने लॅटिनमध्ये आणि ग्रीकमध्ये लिहिले आहेत, म्हणजे सहज कुणी उघडली तरी वाचता येऊ नये अशा बेताने. दुसरे असे, की १८१० साली कानपूर सोडताना तो ती वही नष्ट करायलाच निघाला होता. डॅनियल कॉरी या मित्राने आग्रह करून ते कागद मोहोरबंद पुडक्यात आपल्याजवळ ठेवून घेतले, म्हणून ते वाचले. जॉन सार्जंटने १८१९ साली लिहिलेले मार्टिनचे चरित्र आणि सॅम्युएल विल्बरफोर्सने १८३७ साली काढलेले रोजनिशी व पत्रांचे खंड, हे दोन्ही त्या पुडक्याच्या आधाराने उभे आहेत.

मार्टिनचा जन्म १७८१ सालचा, कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावचा. हुशारी अशी, की १८०१ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो पहिला आला, 'सीनियर रँग्लर' झाला. (रँग्लर परांजप्यांमुळे या पदवीची थोरवी मराठी वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही.) रागही तेवढाच जबरा. विद्यार्थीदशेत एका मित्रावर त्याने सुरी फेकली होती. नेम चुकला, सुरी भिंतीत रुतून थरथरत राहिली. वडील अचानक वारले तेव्हा त्याने बायबल उघडले ते मन रमवायला, आणि हळूहळू तो चार्ल्स सिमियन या केंब्रिजमधल्या धर्मोपदेशकाच्या प्रभावाखाली आला. वकिली करून पैसा मिळवायचा बेत मागे पडला. मिशनरी म्हणून जायचे ठरले, पण १८०४ साली वडिलांनी ठेवलेली पुंजी बुडाली, बहिणीचाही भार अंगावर आला, म्हणून त्याने पगारी वाट धरली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा पाद्री झाला.

आणि जिच्यावर त्याचा जीव जडला होता ती लिडिया ग्रेनफेल होती. मॅराझायन गावची, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. जुलै १८०५ मध्ये 'युनियन' हे जहाज पोर्टस्मथहून निघाले, ते अनपेक्षितपणे फाल्मथ बंदरात तीन आठवडे अडकले. फाल्मथहून मॅराझायन जवळ. मार्टिन पुन्हा लिडियाला भेटायला गेला. १० ऑगस्टला तो तिच्या घरी असतानाच निरोप आला, की तांडा सुटतो आहे. घोड्यावरून, गाडीतून धापा टाकत त्याने बंदर गाठले. दुसऱ्या दिवशी जहाज त्याच किनाऱ्यासमोरून जात असताना तो दुर्बिणीतून सेंट हिलरी चर्चचा मनोरा पाहत होता. त्या दिवशीच्या नोंदीत प्रार्थना आहे. पण ती मोडकी आहे, तिचा धागा पुनःपुन्हा त्या मनोऱ्याकडे सुटतो, आणि तो सुटतो हेही मार्टिन लिहून ठेवतो. कृतज्ञतेने मन भरून आले असे लिहून त्याला पान पुरे करता आले असते.

'युनियन'वरचे नऊ महिने हा त्याच्या प्रार्थनेचा पहिला कस होता. केपची वसाहत डचांकडून जिंकायला निघालेल्या सैनिकांचा तो मोठा तांडा होता. मार्टिनला समुद्र लागायचा, खोलीत कुबट वास, डोक्यावर शिपायांचे बूट, कानांवर सतत शिव्या. केंब्रिजमध्ये बंद दाराआड गुडघे टेकून तासभर बसण्याची सवय येथे दोन दिवसही चालली नाही. सुरुवातीला तो स्वतःवरच चिडतो. मन लागत नाही, झोप येते, लोक काय म्हणतील याची भीती वाटते, अशा कबुलीजबाबांनी पानेच्या पाने भरली आहेत. मग हळूहळू तो डेकवर जाऊन प्रार्थना करू लागतो, येरझाऱ्या घालत, पाण्याकडे पाहत. खालच्या अंधाऱ्या मजल्यावर जाऊन शिपायांना आणि खलाशांना जॉन बनियनचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' वाचून दाखवतो. (हेच पुस्तक हरी केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले.) ऐकायला येणारे थोडे, टिंगल करणारे पुष्कळ. नरकाविषयी प्रवचन कराल तर आम्ही येणार नाही, असे अधिकाऱ्यांनी बजावले, तेव्हा पुढच्याच रविवारी त्याने नेमका तोच विषय घेतला. या प्रसंगात धैर्य आहे, तसा हट्टही आहे. त्या वेळच्या मार्टिनला दोहोंतला फरक नीट कळत नव्हता, आणि ते त्याच्या नोंदींतून जाणवते.

जानेवारी १८०६ मध्ये केपजवळ ब्लाउवबर्गची लढाई झाली. किनाऱ्यावर उतरून मार्टिन जखमींमध्ये फिरला. दारू प्यालेल्या एका हायलँडर शिपायाने त्याच्यावर बंदूक रोखली, तेव्हा तो थोडक्यात बचावला. किल्ल्यावर ब्रिटिश निशाण चढले, तोफा झडल्या, सगळीकडे जल्लोष झाला. त्याला मात्र दुसऱ्याच्या मुलखावर चाललेला हा आनंद सोसवेना. तुडवणाऱ्यांत असण्यापेक्षा तुडवल्या जाणाऱ्यांत असणे बरे, अशा अर्थाचे त्याने लिहिले, आणि इंग्लंडने जगात सैन्याऐवजी शांतीचे सेवक पाठवावेत अशी प्रार्थना केली. तो कंपनीच्याच पगारावर निघालेला पाद्री होता, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदीचे वजन कळते.

त्याच्या रोजनिशीचा दुसरा चेहराही झाकू नये. १८०६ च्या मे महिन्यात तो कलकत्त्याला पोचला, आणि श्रीरामपूरजवळ हुगळीच्या काठी एका ओसाड देवळात राहिला. शेजारची पूजा, रथयात्रा पाहून त्याने जे लिहिले ते हिंदू वाचकाला आजही झोंबेल. आपण जणू नरकाच्या उंबऱ्याशी उभे आहोत, असे त्याला वाटले. मुसलमानांविषयी, रोमन कॅथलिकांविषयीही त्याची लेखणी अनेकदा कडवट होते. ब्राझीलमधल्या बाईया शहरात फ्रान्सिस्कन साधूंशी तो लॅटिनमध्ये कडाक्याने भांडला होता. ज्याला स्वतःच्या मनातला प्रत्येक दोष दिसत होता, त्याला दुसऱ्याच्या भक्तीतली भक्ती कितीतरी काळ दिसली नाही. हे उणे लिहून ठेवलेच पाहिजे, कारण पुढच्या प्रवासात यातले काही विरघळत गेले. ते कसे विरघळले ते समजायला आधीचा कडवटपणा माहीत असावा लागतो.

१८०६ च्या ऑक्टोबरात त्याने दानापूरला जाण्यासाठी गंगेवरून होडीचा प्रवास केला. सहा आठवडे. इतिहासात या प्रवासाला जागा नाही, त्यात काही घडलेच नाही म्हणून. पण प्रार्थनेच्या दृष्टीने पाहिले तर रोजनिशीतला हा सर्वांत सुंदर भाग आहे. दिवसभर होडीत बसून मुनशीबरोबर येशूच्या दृष्टान्तांचे हिंदुस्तानी भाषांतर, संस्कृतचा थोडा अभ्यास, संध्याकाळी काठावर उतरून गावात फेरी, कुणी भेटले तर बोलणे. न बोलता आले तर रात्री स्वतःला बोल लावणे. हळूहळू मात्र स्वतःला लावलेले बोल कमी होतात आणि नदी, आकाश, माणसे आत येऊ लागतात. एकांत त्याला आवडू लागतो. केंब्रिजमध्ये एकांत म्हणजे आत्मपरीक्षणाची कोठडी होती. नदीवर तोच एकांत त्याला सोबतीसारखा वाटू लागला.

येथेच त्याला पहिल्यांदा जाणवले, की भाषांतर हीदेखील प्रार्थना असू शकते. एकेका शब्दासाठी दिवस घालवायचा. 'कृपा' कशाला म्हणायचे, 'आत्मा' कशाला, 'राज्य' कशाला, हे मुनशीशी वाद घालत ठरवायचे. आयुष्यभर वाचलेले वाक्य परक्या भाषेत नेऊ लागताच नव्याने उलगडते, आणि असा आनंद आपल्याला दुसऱ्या कशातून मिळाला नाही, असे तो पुनःपुन्हा लिहितो. नव्या कराराचे त्याचे हिंदुस्तानी भाषांतर मिर्झा फितरत यांच्या मदतीने १८०८ साली पुरे झाले. १८०७ च्या ऑक्टोबरात लिडियाचे पत्र आले होते. त्यात लग्नाला नकार होता. कानपूरला असताना बहीण गेल्याची बातमी आली. या दोन्ही दिवसांनंतरच्या नोंदी वाचताना हात थांबतो. रडणे आहे, देवाला विचारणे आहे, आणि मग साधी नोंद आहे, की आज अमुक अध्यायाचे भाषांतर केले.

१८०९ साली चुनारहून कानपूरपर्यंत ऐन उन्हाळ्यात, पालखीतून, शेकडो मैलांचा प्रवास करून तो शेरवुड दांपत्याच्या बंगल्यात पोचला आणि शुद्ध हरपून पडला. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या मेरी मार्था शेरवुड त्या हकिगतीत सांगतात, की थोडे बरे वाटताच हा माणूस वाळ्याच्या ताट्या लावलेल्या दालनात कोचावर पडून भजने गात असे, आणि त्यांची तान्ही मुलगी त्याच्याजवळ खेळत असे. म्हणजे एल्फिन्स्टनने जहाजावर पाहिलेलाच हा मार्टिन. कानपूरला दर रविवारी त्याच्या आवारात भिकारी, फकीर, लंगडे-पांगळे शेकड्यांनी जमत. त्यांना पैसे वाटून तो त्यांच्याशी बोलत असे. शेजारच्या बागेत बसलेल्या शेख सालेह या तरुणाच्या कानी ते बोलणे पडले. पुढे १८११ साली कलकत्त्याला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो अब्दुल मसीह या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या दिवशी मार्टिन इराणच्या वाटेवर होता. आपल्या हातून एकही माणूस बदलला नाही, ही खंत त्याची पाठ सोडत नव्हती.

इराणला जायचे कारण पुन्हा भाषांतरच. नथॅनिएल साबात या अरब सहकाऱ्याच्या मदतीने केलेला फारसी नवा करार अरबी शब्दांनी इतका जड झाला होता, की कलकत्त्याच्या जाणकारांनी तो सर्वसामान्यांच्या कामाचा नाही असे सांगितले. मार्टिनने ठरवले, की फारसी जिथे बोलतात तिथेच जाऊन ती नीट करायची. क्षयाने पोखरलेल्या छातीला समुद्राची हवा मानवेल, ही आशाही होती.

याच वाटेवर गोवा लागला. मार्टिन आणि एल्फिन्स्टन जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची समाधी पाहायला गेले. १५४२ साली गोव्यात उतरलेला आणि १५५२ साली चीनच्या किनाऱ्यापाशी एका बेटावर देह ठेवणारा झेवियरही आयुष्यभर वाटेवर होता. गोव्यात इन्क्विझिशन अजून जिवंत होते, ते बंद झाले पुढच्या वर्षी, १८१२ साली. अशा ठिकाणी कडव्या प्रॉटेस्टंट मार्टिनकडून फटकाऱ्याचीच अपेक्षा असते. पण त्याने लक्षात ठेवून लिहिले ते वेगळे. समाधी दाखवणारा साधू बोलता बोलता म्हणाला, की अंतःकरणात देवाची कृपा नसेल तर नुसत्या संस्काराने काही साधत नाही. हे ऐकून मार्टिन थबकला आणि त्याच्याशी बोलू लागला. बोलणे फार पुढे गेले नाही. तरी ज्याने बाईयात साधूंशी कडाडून वाद घातला होता, तो येथे कान देऊन उभा राहिला. मुंबईच्या पाच आठवड्यांतही तो इराणला वकील म्हणून जाऊन आलेल्या जॉन माल्कमशी त्या देशाविषयी बोलला, फिरोज या पारशी पंडिताशी फारसी भाषेविषयी आणि धर्माविषयी बोलला, आणि २५ मार्चला 'बनारस' जहाजाने इराणच्या आखाताकडे निघाला.

बुशहर ते शिराझ हा रस्ता त्याने मे महिन्याच्या अखेरीस धरला. दाढी वाढवलेली, डोक्यावर उंच काळी टोपी, अंगात इराणी पोशाख, बसायला तट्टू. चालायचे फक्त रात्री. दिवसा तंबूत पारा १२६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला. बाहेरची हवा अंगाला लागू नये म्हणून तो गरम कपडे आणि घोंगडी लपेटून पडून राहिला. ते पुरेना तेव्हा भिजवलेला टॉवेल डोक्याभोवती आणि अंगाभोवती गुंडाळला. अशा दिवसांतली प्रार्थना म्हणजे काय? लांब वाक्ये नाहीत, आत्मपरीक्षण नाही. आपले भान सुटेल की काय ही भीती, आणि तेवढ्यात मनाला चाटून गेलेली एखादी स्तोत्राची ओळ. एवढीच. ती 'खरी' प्रार्थना आहे का, असा प्रश्न जहाजावरच्या मार्टिनने नक्की विचारला असता. इराणच्या वाटेवर त्याने तो विचारलेला नाही.

शिराझचे वर्ष हा त्याच्या प्रवासातला मुक्काम. मिर्झा सय्यद अली या सहकाऱ्याबरोबर, शहराच्या तटाबाहेरच्या बागेत, पाण्याच्या पाटाकाठी, द्राक्षांच्या वेलीखाली तंबू ठोकून तो काम करी. मुल्ला, सूफी, सरदार, विद्यार्थी येत आणि वाद घालत. कधी तो जिंकला, कधी निरुत्तर झाला, दोन्ही लिहून ठेवले आहे. सय्यद अलीशी वाद होत, थट्टा होई, आणि मार्टिनची लेखणी आता माणसांविषयी अधिक सावकाश बोलू लागते. फेब्रुवारी १८१२ मध्ये फारसी नवा करार पुरा झाला, मार्चमध्ये स्तोत्रसंहिता. स्तोत्रांवरच्या कामात दिवस कसे गेले ते कळलेच नाही, असे तो लिहितो. परक्या शहरातल्या त्या एकाकी थंडीत दाविदाची स्तोत्रे फारसीत आणणे हेच त्याचे सकाळ-संध्याकाळचे भजन झाले होते.

अशा वाटेवरचा मार्टिन एकटाच नाही. मराठी वाचकाने डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशीकडेही पाहावे. त्या रोजनिशीचे धागे मुंबई आणि नाशिकपर्यंत येतात. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंगस्टन मुंबईहून झांझिबारला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकच्या मिशन आश्रमात वाढलेले, गुलामगिरीतून सोडवलेले आफ्रिकी तरुण होते. चुमा तर मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत काही महिने राहिलेला. आफ्रिकेच्या आत खोलवर अडकून पडल्यावर लिव्हिंगस्टनने संपूर्ण बायबल चार वेळा वाचले. कागद संपले तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांवर, छापील ओळींना आडवे, झाडाच्या रसाच्या शाईने लिहिले. १ मे १८७३ च्या पहाटे चितांबोच्या गावी तो बिछान्याशी गुडघ्यांवर बसलेल्या स्थितीत मृत आढळला. त्याचे काळीज तिथल्या झाडाखाली पुरले गेले, तेव्हा प्रार्थना म्हटली ती नाशिकहून आलेल्या जेकब वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग चुमा, सूसी, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी ते शव महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्याला आणले. गोऱ्या मिशनऱ्याच्या गुडघ्यांवरच्या मृत्यूची चित्रे पुष्कळ निघाली. ती वाट चालून गेलेल्या त्या सोबत्यांची प्रार्थना कुणी फारशी लिहून ठेवली नाही, ही या साहित्याची मोठी उणीव आहे.

आणि वाटेवरच्या मननाचे आणखी एक उदाहरण तर आपल्या घरचेच. १८९३ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक, तेव्हा अजून हिंदूच, नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळातली घालमेल लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त घरच्या बाजूने वाचायला मिळते. मिशनऱ्यांच्या रोजनिशांत हीच बाजू सहसा नसते. मागे राहिलेल्या माणसांना त्या प्रार्थनेची किती किंमत मोजावी लागली, हे तिथे दिसत नाही. लिडियाने नकार दिला तेव्हा तिच्या मनात काय चालले होते ते तिच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे, आणि ते मार्टिनच्या रोजनिशीशेजारी ठेवूनच वाचावे.

१८१२ च्या उन्हाळ्यात मार्टिन शिराझहून उत्तरेकडे निघाला. इस्फहान, मग शाहची छावणी. तिथे वजिराच्या दरबारात त्याला घेरून विचारण्यात आले, की देव एकच आणि महंमद त्याचा पैगंबर, असे म्हण. त्याने उत्तर दिले, ते आपल्या श्रद्धेचे होते. दरबार खवळला. ग्रंथ शाहच्या हाती द्यायला ब्रिटिश वकिलाचे पत्र लागेल असे कळले, म्हणून तब्रीझ गाठले, आणि तिथे तापाने तो जवळजवळ दोन महिने अंथरुणाला खिळला. ब्रिटिश वकील सर गोर औसली आणि त्यांच्या पत्नीने त्याची शुश्रूषा केली. पुढे औसलींनीच तो फारसी नवा करार फतह अली शाहला सादर केला, आणि १८१५ साली सेंट पीटर्सबर्गला तो छापून झाला. मार्टिनला हे पाहायला मिळाले नाही.

२ सप्टेंबरला तो घोड्यावर बसून तब्रीझहून कॉन्स्टँटिनोपलला निघाला. पुढे तेराशे मैल. तिथून इंग्लंड, आणि लिडिया. एचमिआदझिनच्या आर्मेनियन मठात साधूंनी त्याला आपल्यातला मानून ठेवून घेतले, आणि त्या चार-पाच दिवसांची पाने आनंदाने भरली आहेत. जुन्या पंथांविषयीचा त्याचा कडवटपणा येथे शोधूनही सापडत नाही. एर्झुरुमनंतर मात्र हसन आगा नावाचा तातार वाटाड्या त्याला पावसात, रात्री-अपरात्री, घोडे फेकत पुढे नेऊ लागला. ताप चढला, थंडी वाजू लागली. एका ठिकाणी मुक्कामाची खोली चुलीने इतकी तापली होती, की मार्टिनने सामानाच्या गठड्यांत डोके खुपसून ओल्या जमिनीचा गारवा घेतला, आणि तसाच तो झोपी गेला. पुढच्या सकाळी आणखी एक पहाट पाहायला मिळाली याबद्दल त्याने देवाचे आभार मानले.

६ ऑक्टोबरला घोडे मिळाले नाहीत. हसन आगाला थांबावे लागले. मार्टिनला ही विश्रांती अनपेक्षित होती. तो एका फळबागेत जाऊन बसला. त्या दिवशीच्या नोंदीत स्वतःवर एकही आरोप नाही. मन शांत आहे, एकांतात देव सोबतीला आहे, मित्र आहे, दिलासा आहे, असे तो लिहितो, आणि मग एक उत्कंठा, की काळ सरून अनंतकाळ कधी येईल. नोंद लहान आहे. 'युनियन'वरच्या त्या लांबलचक कबुलीजबाबांच्या मानाने तर फारच लहान. पुढची पाने कोरी आहेत.

दहा दिवसांनी, १६ ऑक्टोबर १८१२ रोजी, तोकात गावी मार्टिन वारला. त्या गावात तेव्हा प्लेग पसरला होता. आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी आपल्या रीतीने त्याला मूठमाती दिली. सर्जियस नावाचा त्याचा आर्मेनियन नोकर कागदांचे पुडके घेऊन कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि ते त्याने तिथल्या ब्रिटिश कॉन्सलच्या स्वाधीन केले. फळबागेतले ते पान त्याच पुडक्यातून आले.